स्वतंत्र संगीत संयोजनाचा व्यवसाय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरच्या स्टुडिओतून गाणी तयार करणाऱ्या तरुणांविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी साताऱ्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून घरच्या संगणकावर गाण्यांचे संयोजन करतो. खोली दहा बाय दहाची आहे. शिकवण्या घेऊन सव्वा लाख रुपये साठवले आहेत. त्यातून भारी मायक्रोफोन आणि स्पीकर घ्यावेत, की मुंबईतील खासगी संस्थेत साउंड इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम करावा? वडील म्हणतात, आधी पदवी घे.

उत्तर : वडिलांचे ऐका, पदवी पूर्ण कराच. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्याला प्रवेश परीक्षा असते. २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे कधी तो मार्ग धरावासा वाटला, तर पदवीअभावी दार बंद होऊ नये. शिवाय स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या माणसाला बिले, हिशेब आणि कर हे सगळे स्वतःच सांभाळावे लागते. वाणिज्य शाखेचा तुम्हाला तेथे उपयोगच होईल. खासगी अभ्यासक्रम सरसकट वाईट असतात असे मी म्हणणार नाही. मात्र पैसे भरण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा : विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास प्रत्यक्ष वादकांसमोर ध्वनिमुद्रण करायला मिळते? उत्तर गुळमुळीत मिळाले, तर पैसे खिशातच ठेवा.

साठवलेल्या पैशांतून पहिला खर्च खोलीवर करा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने दहा फूट अंतरावरच्या समोरासमोरील दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा खर्जातला आवाज घुमू लागतो. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे तो दोन्ही दिशांनी घुमतो, आणि तुम्ही कोठे बसता त्यावर तो अवाजवी मोठा ऐकू येणार की जवळजवळ नाहीसा होणार हे ठरते. खोलीच्या बरोबर मध्यावर तर तो नाहीसाच होतो. तेथे बसून मिक्स करणारा, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकमेकांशी जुळवणारा माणूस खालचा आवाज नकळत वाढवत नेतो आणि मग तेच गाणे मोटारीत लावले की सगळे फुगलेले ऐकू येते. अशा खोलीत महागडे स्पीकर आणले तर दोष कमी होत नाही, कारण ते खालचा आवाज अधिक ताकदीने देतात. अंड्यांचे ट्रे आणि एक इंचाचा फोम केवळ वरच्या पट्टीतला आवाज शोषतात. खोली मुकी वाटू लागते, पण घुमारा तसाच राहतो. गावातल्या सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल (दगडी लोकर) भरा, वर कापड ताणा आणि त्या चारही कोपऱ्यांत उभ्या करा. स्वतःची बैठक मध्यापासून हलवून पुढच्या भिंतीकडे न्या. हे काम वीस-पंचवीस हजारांत बसेल आणि त्याने जो फरक पडेल, तो कोणताही मायक्रोफोन पाडणार नाही.

त्यानंतर साधा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र), एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक मायक्रोफोन, मध्यम आकाराचे मॉनिटर स्पीकर आणि दोन हार्ड डिस्क घ्या. डिस्क दोन का, ते सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका वृद्ध वारकरी बुवांचे अभंग त्यांच्या गावी जाऊन मुद्रित केले होते. एकाच डिस्कवर ठेवले, ती डिस्क बंद पडली आणि पुन्हा जाण्याचे ठरेपर्यंत बुवा गेले. ती चूक सर्वस्वी माझी होती आणि आजही मला ती बोचते. कामाच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी.

उरलेले पैसे वादकांना द्या. हा सल्ला विचित्र वाटेल, पण मी तो पूर्ण विचाराने देत आहे. संगणकातले तयार ठेके जुळवून दोन वर्षे झाली असतील, तर आता एका चांगल्या ढोलकीवादकाला रीतसर मानधन देऊन दिवसभर घरी बोलवा. पंखा आणि फ्रिज बंद करा. एक मायक्रोफोन चाटीकडे (ढोलकीच्या चढ्या आवाजाच्या तोंडाकडे) आणि एक धुमेकडे (खर्जाच्या तोंडाकडे), दोन्ही वीतभर अंतरावर ठेवून मुद्रण करा. मग दोन्ही हातभर मागे घ्या आणि पुन्हा करा. मायक्रोफोन चाटीच्या बरोबर समोर धरला तर बोटाचा आघात कानाला टोचतो. थोडा तिरपा करून पुडीच्या (ताणलेल्या कातड्याच्या) कडेकडे वळवला की त्याच आघाताला गोलाई येते. दोन्ही मायक्रोफोन एकत्र ऐकताना धूम अचानक पोकळ वाटली, तर एकाचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटा करून पाहा. दुपारपर्यंत वाद्य उतरते आणि वादक ते पुन्हा चढवतो. तेव्हा त्याच्याकडे बघत राहा, स्वर लागल्याचे त्याला कशावरून कळते ते विचारा. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे तीस-चाळीस नमुने जमतील आणि ढोलकी मिक्समध्ये कोठे बसते हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. पुढच्या महिन्यात हेच संवादिनीबरोबर करा. भात्याचा आवाज किती ठेवायचा आणि किती टाळायचा, हा प्रश्न त्या वेळी स्वतःहून समोर येईल.

घाई करू नका. ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घरालगत पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ १९८९ मध्ये उभारला आणि ‘रोजा’ आला १९९२ मध्ये. मधल्या काळात ते जाहिरातींच्या जिंगल्स करत होते. तुमच्याकडेही पहिली काही वर्षे अशीच कामे येतील : आषाढ-श्रावणात गणपतीची गाणी, चैत्रात जत्रेची गाणी, एरवी बोलकी पुस्तके, एकांकिकांचे पार्श्वसंगीत, स्थानिक दुकानांच्या जाहिराती. ही कामे कमी प्रतीची मानू नका, कारण ठरलेल्या दिवशी ठरलेली फाइल देण्याची सवय त्यांतूनच लागते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये संगीत संयोजन करतो. एका गायकाने स्वतः लिहिलेले शब्द माझ्याकडे आणले. चाल मी बांधली, वाद्ये मी वाजवली, मिक्सिंगही मी केले आणि त्याचे पंधरा हजार रुपये घेतले. कागदावर काहीच नव्हते. गाणे आता लाखो लोकांनी ऐकले आहे. गायक म्हणतो, ‘पैसे दिले, विषय संपला.’ माझा काही हक्क उरतो का?

उत्तर : उरतो, पण तो नेमका कशावर आहे हे समजून घेतले पाहिजे. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी असतात : शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण. शब्द गायकाचे आहेत, त्याविषयी वाद नाही. चाल तुम्ही बांधली असेल तर संगीताचे कर्ते तुम्ही आहात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. तुम्ही त्या गायकाचे पगारी नोकर नव्हता आणि सही केलेला कागदही नाही. तेव्हा केवळ पंधरा हजार रुपये दिल्याने संगीताचा हक्क त्याच्याकडे जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर लेखी करार झाला असता, तरीही गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा सोडून देता येत नाही.

तिसऱ्या गोष्टीत मात्र आपल्या व्यवसायातील अनेकांची फसगत होते. आपण स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणवतो आणि कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा कर्ता ‘निर्माता’ असतो, म्हणून दोन्ही एकच असे आपण धरून चालतो. कायद्यातील निर्माता म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्यात पुढाकार घेणारी आणि त्याची जबाबदारी उचलणारी व्यक्ती. रात्र रात्र जागून ढोलकीचा आवाज साफ करणारा माणूस तो असेलच असे नाही. तुमच्या बाबतीत पैसे गायकाने घातले आणि गाणे करून घ्यायचेही त्यानेच ठरवले, त्यामुळे मुद्रणावर त्याचा दावा बळकट आहे. म्हणूनच मला आपला जुना मराठी शब्द ‘संगीत संयोजक’ अधिक प्रामाणिक वाटतो. आपण काय करतो ते तो नेमके सांगतो आणि नको तो भ्रम निर्माण करत नाही.

आता करायचे काय? भांडणाच्या आधी पुरावे एकत्र करा. चाल पहिल्यांदा गुणगुणून पाठवलेला व्हॉइस मेसेज, प्रकल्पाच्या तारखांसह मूळ फाइली, पैसे आल्याची बँकेतील नोंद, हे सगळे जपून ठेवा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून मुंबईतून काम करते; तिचे सदस्य व्हा आणि गाण्याची नोंद संगीतकार म्हणून करा. मग गायकाला शांतपणे पत्र लिहा : श्रेयनामावलीत माझे नाव संगीतकार म्हणून यावे आणि संगीताच्या रॉयल्टीची वाटणी लेखी ठरावी. बहुतेक वेळा समोरचा माणूस लबाड नसतो, त्याला हे माहीतच नसते. ऐकले नाही, तर कॉपीराइटची कामे करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा.

पुढच्या कामापासून एका पानाचा करार केल्याशिवाय संगणक सुरू करू नका. त्यात कोणी काय केले, कोणाचा किती वाटा, मानधन किती हप्त्यांत, किती वेळा दुरुस्त्या करून देणार आणि सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) देणार की नाही, एवढे असले तरी पुरते. हक्क लिहून देत असाल तर मुदत आणि प्रदेश अवश्य लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो हे मी जाणतो. पण माझ्या पाहण्यातली बहुतेक मैत्री कागद मागितल्याने नव्हे, तो नसल्यामुळे तुटली आहे.

प्रश्न : माझे गाणे स्पॉटिफायवर इतरांच्या गाण्यांपेक्षा बारीक ऐकू येते. मास्टरिंग करताना, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, आवाज आणखी किती चढवू? (कुडाळ)

उत्तर : चढवू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) या पातळीवर आणून वाजवते, म्हणजे जास्त चढवलेले गाणे ते खाली ओढते आणि लिमिटरने (आवाजाची टोके दाबून धरणाऱ्या साधनाने) चेपून टाकलेले आघात तसेच चेपलेले राहतात. बारीक वाटण्याचे कारण बहुधा मिक्समध्ये आहे. गायकाचा आवाज आणि संवादिनी एकाच पट्टीत एकमेकांना झाकत असतील. संवादिनी थोडी बाजूला सरकवून मधल्या पट्टीत किंचित कमी करा आणि मग ऐका.

प्रश्न : माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. इचलकरंजीहून आसपासच्या गावांत ऑर्केस्ट्रा आणि नाटकांच्या प्रयोगांना साउंड सांभाळते. काम तिला मनापासून आवडते. परंतु रात्री घरी आली की कानात शिट्टी वाजते म्हणते आणि सकाळपर्यंत ती थांबते. आम्ही काळजी करावी का?

उत्तर : होय, ताई, करावी, आणि आजच करावी. ती शिट्टी म्हणजे कानाने दिलेली सूचना आहे. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सकाळी बरे वाटते म्हणून हानी झालीच नाही असे समजू नये. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. ऑर्केस्ट्राच्या स्पीकरजवळ ही पातळी सहज गाठली जाते आणि तुमची मुलगी तेथे तीन-तीन तास उभी असते.

संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग मिळतात. ते सर्व पट्ट्यांतला आवाज साधारण सारख्याच प्रमाणात उतरवतात, त्यामुळे मिक्स करता येते. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. मिक्सर स्पीकरच्या रेषेत न ठेवता प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला मांडण्याचा आग्रह तिने धरावा आणि ध्वनिचाचणीच्या वेळी वादकांचे स्वतःचे अँप्लिफायर आधी खाली आणवावेत. रंगमंचावरचा गोंगाट कमी झाला की बाहेरचा आवाज आपोआप कमी ठेवता येतो.

तुम्ही पत्राच्या शेवटी तिच्या रात्रीच्या प्रवासाचाही उल्लेख केला आहे. खुल्या मैदानात ध्वनिक्षेपक सहसा रात्री दहाला बंद होतात, परंतु सामान आवरून गाडीत चढवेपर्यंत बारा-एक वाजतात. परतीच्या वाहनाची जबाबदारी आयोजकाची, हे मानधनाबरोबरच ठरवून घ्यावे. अनुभवी पुरुष तंत्रज्ञही हे मागून घेतात, त्यात मुलगी म्हणून काही वेगळे मागणे नाही. आणि येत्या आठवड्यात, ज्याच्या आदल्या रात्री कार्यक्रम नसेल असा दिवस पाहून, तिला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन ऑडिओग्राम करून घ्या. तो कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा चाचणी करून दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहता येतील.