ट्रेलरचं नाक वर राहतंय, बेलोज खाली घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी जुना हॉर्स (ट्रेलर ओढणारा ट्रक) घेतलाय, मागे एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे हवेच्या फुग्यांचं, बेलोजचं. ट्रेलर लावला की पुढून चांगला तीन बोटं वर राहतो, लोड भरला की मागचा एक्सल दबलेला दिसतो आणि टायरही त्याचेच जास्त गरम होतात. मित्र म्हणतो बेलोजची उंची ठरवणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी फिरव, पाच मिनिटांचं काम आहे. करू का?

उत्तर : भाऊ, दांडी फिरवून ट्रेलर जुळवू नका. बेलोजची ठरलेली उंची बदलली की जॉइंट शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, मग गाडी थरथरायला लागते आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, जातात, म्हणजे ट्रेलर सरळ करायला गेलात आणि हॉर्स बिघडवून बसलात.

पण तुमची शंका बरोबर आहे. किंगपिनपासून (ट्रेलरच्या पुढच्या प्लेटखालची जोडणीची पिन) मागच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत १० मीटर आणि दोन एक्सलमध्ये १.३ मीटर धरा, पुढून ५० मिमी वर असेल तर दोन एक्सलच्या जागी चेसिसच्या उंचीत जेमतेम साडेसहा मिमीचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण कडक पाट्यांच्या स्प्रिंगवर तेवढ्यानेही वजन मागे सरकतं, बॅलन्सर (दोन एक्सलमध्ये वजन वाटणारा भाग) मोकळा फिरत नसेल तर जास्तच.

आता मोजा. सपाट फरशीवर, हवा पूर्ण भरून, आधी बेलोजची उंची कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा, कारण जुन्या गाडीत आधीच कुणीतरी ती वाढवून ठेवलेली असू शकते, आणि तसं असेल तर दांडी फिरवायची पण फक्त त्या आकड्यापर्यंत, दुखणं बहुतेक तिथेच संपेल. टायर मूळ साइजपेक्षा मोठे टाकलेत का तेही बघा. हे दोन्ही ठीक असेल तर भरलेला ट्रेलर सोडून त्याच्या पुढच्या आधाराच्या पायांवर वरखाली करून चेसिस पुढून-मागून सारखी आणा आणि पुढच्या प्लेटची जमिनीपासून उंची घ्या. मग ट्रेलर जोडून, लोडसकट, त्याच प्लेटची उंची परत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिफ्थ व्हील (हॉर्सवरची प्लेट, जिच्या जबड्यात किंगपिन अडकतो) तेवढं खाली हवं.

त्यासाठी कमी उंचीचे ब्रॅकेट मिळतात, ते बोल्टने बसवून घ्या, चेसिसच्या फ्लँजवर वेल्डिंग किंवा ड्रिल अजिबात नको. मात्र खाली घ्यायच्या आधी चढावर किंवा रॅम्पवर हॉर्सचा मागचा भाग, टायर आणि मडगार्ड ट्रेलरला घासणार नाहीत ना हे बघा, बेलोजची हवा सोडूनसुद्धा, कारण तेव्हा जागा सगळ्यात कमी उरते.

आणि रोजचं जोडणं ही वेगळी गोष्ट. तिथे उंची ट्रेलरच्या पायांनी जुळवायची, प्लेट फिफ्थ व्हीलला टेकून किंचित उचलली गेली पाहिजे. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन जबड्याच्या वरून जातो, बाहेरून बसल्यासारखं दिसतं, थोडं ओढलं तरी कधी कधी सुटत नाही आणि मग रस्त्यावर सुटतो. म्हणून ओढून बघितलं तरी खाली वाकून टॉर्च मारा, दोन प्लेटमधून उजेड दिसता कामा नये आणि जबडा पिनच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे.