पाला गुडघाभर, बटाटे गोटीएवढे

ताई, तुमचं गाऱ्हाणं वाचलं. सुदामानगरच्या अंगणात गणपतीत बटाटे लावले, दोनदा युरिया घातला, पाला गुडघ्यापर्यंत गेला. दिवाळीच्या साफसफाईत उपटून पाहिलं तर गोटीएवढे चार बटाटे, त्यातले दोन हिरवे. आणि वर विचारताय की इंदूरच्या काळ्या मातीत बटाटा होतच नाही का. होतो हो! महूकडे शेतंच्या शेतं असतात. मीही राजेंद्रनगरला घरामागच्या दहा बाय बारा फुटांच्या तुकड्यात बरीच वर्षं लावतोय. मातीचा दोष नाही, तुमची तारीख चुकली.

बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे कळ्याच. झाडाच्या बुंध्यातून मातीखाली आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. ती फुगायला रात्र गार लागते, साधारण 20 अंशांच्या खाली. सप्टेंबरात आपल्याकडे रात्रीही पारा 21-22च्या आसपास असतो, मग झाड सगळी कमाई पाल्यावर उडवतं. त्यात तुम्ही युरिया दिला, म्हणजे उधळ्या पोराच्या हातात आणखी पैसे ठेवलेत.

इंदुरात 15 ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही लावायची खरी वेळ. वाण कुफरी ज्योती किंवा पुखराज मिळाला तर घ्या. (हे कुफरी म्हणजे सिमल्याजवळचं गाव, तिथल्या बटाटा संशोधनामुळे नावापुढे लागलंय.) नाही मिळाला तर मंडईतला जुना बटाटा चालतो. ऑक्टोबरात जो जुना बटाटा येतो तो कोल्ड स्टोरेजचा, त्याची झोप पूर्ण झालेली असते. नुकता काढलेला नवा मात्र दोन-अडीच महिने काही केल्या कोंब धरत नाही.

बेणं कोंबडीच्या अंड्याएवढं आणि अख्खं घ्या. कापलेल्या फोडी आपल्या चिकट मातीत पाणी जरा जास्त झालं की कुजतात. आठ-दहा दिवस सावलीत, पण उजेडात पसरून ठेवा. कोंब बुटके, जाड, जांभळट यायला हवेत. कपाटाच्या अंधारात आलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात.

मातीत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून ढेकळं फोडा. ताज्या शेणावर लावू नका, हुमणी (मुळं, बटाटे कुरतडणारी अळी) येते. चार बोटं खोल, दोन बेण्यांत वीतभर, दोन ओळींत दोन फूट. पाणी बेताचं.

आता तुमच्या हिरव्या बटाट्यांचं कारण. नवे बटाटे लावलेल्या बेण्याच्या वरच्या अंगाला धरतात, खाली नाही. म्हणून झाड वीतभर झालं, साधारण महिन्याभरात, की दोन्ही बाजूंनी माती ओढून बुंध्याशी भर द्यायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. ओळ म्हशीच्या पाठीसारखी दिसली पाहिजे. भर नसली की वरचे बटाटे उघडे पडतात, ऊन लागून हिरवे होतात. ते खाऊ नका. हिरवेपणाबरोबर सोलानिन नावाचं विष वाढतं, आणि ते उकडून जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत मावठ्याचं आभाळ आलं की पानांवर करपा येतो. डागाळलेली पानं लगेच काढून लांब टाका आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. कडाक्याच्या थंडीत मात्र संध्याकाळी बुडाशी हलकं पाणी द्या. आमचा माळी एकदा म्हणाला, "साहब, पाला पड जाएगा." बायको म्हणाली, पाला तर पडायचाच, त्यात काय! तो दवाच्या गोठण्याबद्दल बोलत होता, ही पानांबद्दल. दुसऱ्या दिवशी शेंडे उकडल्यासारखे काळे पडले, तेव्हा दोघांचाही पाला खरा झाला.

काढणीची घाई करू नका. तुम्ही जेमतेम पन्नास दिवसांत उपटलेत; पुखराजला ऐंशी-नव्वद, ज्योतीला शंभरेक दिवस द्या. पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडा, आणि काढायच्या दहा दिवस आधी पाला जमिनीलगत कापा. तेवढ्यात खाली साल पक्की होते. कडेचा एक बटाटा उकरून सालीवरून अंगठा दाबून फिरवा. साल सरकली तर आणखी चार दिवस थांबा. पक्की साल सरकत नाही, अंगठ्याला नुसती माती लागते.

खोदताना फावडं झाडापासून वीतभर लांब घाला, शेवटी हातानेच. कोरड्या मातीत बोटं घातली की आधी गार, गुळगुळीत काहीतरी लागतं, ओढावं तर मागून आणखी दोन येतात. नातवंडं असतील तर हे काम त्यांना द्या, परत मिळणार नाही. पहिल्या वर्षी मी सरळ बुंध्यात फावडं घातलं आणि सगळ्यांत मोठाच बटाटा दोन तुकडे होऊन वर आला. वर कहर म्हणजे सगळे धुऊन गच्चीवर उन्हात वाळत टाकले, सांडग्यांसारखे. चार दिवसांत अर्धी टोपली हिरवी! धुवायचे नाहीत, माती झटकायची, आणि सावलीत, वाऱ्यावर दहा-बारा दिवस पसरायचे. मग टोपलीत, वर गोणपाट. शेजारी कांदे नकोत. फ्रिजमध्येही नको, तिथे गोडसर होतात आणि तळले की काळपट पडतात.

आमच्याकडे एका झाडाला साधारण अर्धा किलो निघतो. मंडईत त्याहून स्वस्त पडतो, हे घरात दरवर्षी ऐकून घेतो.

यंदाचे ते दोन न हिरवे बटाटे सालीसकट जिऱ्यावर परतून खा. आणि त्याच वाफ्यात लगेच पुन्हा बटाटा लावू नका. यंदा तिथे मेथी टाका, बटाट्याला अंगणातली दुसरी जागा बघा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा सरायला अजून आठ-दहा दिवस हाताशी असतील तर बेणं आजच उजेडात पसरा.