रिमोट एकाच जागी मुका होतो

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा रिमोट चालत नाही, रस्त्यावर मात्र चालतो. सेल नवा टाकला. दोष कशात?

उत्तर : जागा बदलल्यावर चालतो, म्हणजे रिमोट बहुधा ठीक आहे. बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. बिनतारी डोअरबेल आणि गेटचे रिमोटही त्याच्याच आसपास. एखाद्या गेट-रिमोटचं बटण दबून अडकलं की तो सतत सिग्नल सोडत राहतो आणि त्या गोंगाटात तुमच्या रिमोटचा क्षीण आवाज गाडीला ऐकूच येत नाही. डॅशकॅमचा स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हरही (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) हाच उपद्व्याप करतो. आधी गाडीतले चार्जर काढून बघा. मग शेजाऱ्यांचे रिमोट तिथे चालतात का पाहा. तेही अडले तर वॉचमनकडून दिवे आणि गेटची यंत्रणा एकेक करून बंद करून घ्या.

तोवर रिमोटमधली धातूची किल्ली काढून दार उघडा. (अलार्म वाजू शकतो, दचकू नका.) बटण-स्टार्ट गाडी दाद देत नसेल तर ब्रेक दाबून धरा आणि रिमोट गाडीच्या ‘स्टार्ट’ बटणाला टेकवून ते बटण दाबा, गाडीला रिमोटची ही ओळख साधारण १२५ किलोहर्ट्झवर, अगदी जवळून पटते आणि सेल मेला तरी चालते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा खाचा असतो, तो मॅन्युअलमध्ये सापडेल.