मोट, मोटर आणि पिस्टनमधलं पीठ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. दोन लेथ (धातू फिरवून कातायची यंत्रं), एक ड्रिल, भिंतीवर गणपती, एवढंच वर्कशॉप. घरातल्या जुन्या पितळी तोटीचे आटे गेले होते, ते पाडून मिळतात का बघायला परवा गेलो. तोटी हातात घ्यायच्या आधी त्यांनी चहा मागवला आणि प्रश्न टाकला. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजात कुणीतरी सांगितलं, इंजिन, मशीन, मोटर, पिस्टन, टर्बाइन, ट्रॅक्टर हे सगळे शब्द इंग्रजांनी लॅटिनमधून घेतले. ते काही मिस्त्रींच्या पचनी पडलं नव्हतं.

"लॅटिन म्हंजे रोमन लोकांची भाषा न्हवं? मग दोन हजार वर्सांमागं त्यांच्याकडं इंजिन हुतं म्हणायचं का? आणि मोटर कसली लॅटिन, सर! ती आपल्या मोटंवरनं आलीया. मोट पाणी काढती, मोटर बी पाणीच काढती. एवढं जुळतंय कसं मग?"

चहा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. तिथे राहून गेलेलंही इथे लिहितो.

मोटेपासूनच सुरुवात करू, कारण हा समज मी करवीर-कागलच्या शेतकऱ्यांकडून बरेचदा ऐकला आहे. आपल्याकडे 'मोटर' म्हटलं की आधी विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर येतो, मग चारचाकी. 'मोटर चालू करून येतो' म्हणणारा माणूस गाडीकडे जात नाही. काम तेच, जागा तीच, त्यामुळे चामड्याची मोट गेली आणि तिच्या जागी मोटर आली, यात शब्दाचीही वाटणी झाली असं वाटणं साहजिक आहे. पण मोट हा शब्द मराठीत निदान सातशे वर्षं आहे. तेराव्या शतकातल्या सावता माळ्यांच्या अभंगात मोट आहे, नाडा आहे, विहीर आहे. आणि मोटर हा शब्द त्याहूनही जुन्या लॅटिनमध्ये आहे. 'मोवेरे' म्हणजे हलवणं, त्यावरून 'मोतोर' म्हणजे हलवणारा. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला तेव्हा वीज, तार, कॉइल यातलं काहीच नव्हतं. त्या काळी विश्वाला गती देणाऱ्या ईश्वरी शक्तीसाठी तो वापरला जाई. यंत्राला तो चिकटला फार उशिरा, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून आपण जिला बटण दाबून उठवतो, ती मूळची जगन्नियंत्री.

तारखांपेक्षा मला पटणारा पुरावा शब्दाच्या आत आहे. मिस्त्री तो 'मोट-र' असा तोडतात. खरा जोड 'मो' आणि 'टर' यांच्यामध्ये आहे. 'मो' हा धातूचा भाग आणि 'तोर' हा 'करणारा' सांगणारा प्रत्यय. हाच प्रत्यय ट्रॅक्टरमध्ये आहे (त्राहेरे म्हणजे ओढणं, ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा), जनरेटरमध्ये आहे, रेडिएटरमध्ये आहे. आणि तो आपल्यालाही परका नाही. संस्कृतातला 'तृ' तो हाच: दातृ, कर्तृ, नेतृ, म्हणजे आपले दाता, कर्ता, नेता. लॅटिनमध्ये देणाऱ्याला 'दातोर' म्हणत. दाता आणि दातोर शेजारी ठेवून बघा. संस्कृत आणि लॅटिन या एकाच आदिम भाषेच्या दोन लांबच्या लेकी, त्यामुळे अशी जुळणी ठिकठिकाणी सापडते. गंमत अशी की मोट आणि मोटर यांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण मोटर आणि कर्ता यांचं शेपूट एक आहे.

दिसण्यावर जाऊ नये, हे या विषयात पहिल्यांदा शिकावं लागतं. सख्खे वाटणारे शब्द परके निघतात आणि ज्यांचं तोंडही जुळत नाही ते भाऊबंद असतात. पिस्टन घ्या. इटालियन भाषेत 'पिस्तोने' म्हणजे मोठा बत्ता किंवा मुसळ. सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या दांड्याला ते नाव शोभलं, फ्रेंचांनी 'पिस्ताँ' केलं, इंग्रजांनी पिस्टन. मागे लॅटिनमध्ये गेलं की 'पिन्सेरे', कुटणं-दळणं. धान्य कुटणारा तो 'पिस्तोर', आणि पुढे पुढे रोमन लोक भट्टीवाल्या पाववाल्यालाही तेच म्हणू लागले. या 'पिन्सेरे'चा संस्कृतातला भाऊ 'पिष्' धातू. पिष्ट म्हणजे दळलेलं. मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दीठ झाली, तसं पिष्टाचं झालं पीठ.

हे सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले. आमच्या लहानपणी गावोगाव पिठाच्या गिरण्या ऑइल इंजिनवर चालायच्या. लांबून पुकपुक ऐकू आलं की आई डबा हातात द्यायची, गिरणी सुरू झाली, जा म्हणून. त्या इंजिनात जो वरखाली होत होता तो पिस्टन आणि जात्यातून खाली पडत होतं ते पीठ, दोघं एकाच घरातले. (करवीर पीठ, शिवाजी विद्यापीठ यातलं पीठ मात्र वेगळं. ते संस्कृतात मुळातच 'पीठ', म्हणजे आसन. तिथे दळण निघतं असं कुणी म्हणालं तर तो विनोद समजावा, व्युत्पत्ती नव्हे.)

आता रोमनांकडे इंजिन होतं का? आपण समजतो तसं नव्हतं. पण पिस्टन होता! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबिओस नावाच्या ग्रीक कारागिराने दोन सिलिंडरचा पाण्याचा पंप केला. त्याचं वर्णन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस करतो: आतले दट्टे खरादावर, म्हणजे लेथवर, गुळगुळीत केलेले आणि तेल लावून बसवलेले. उद्यमनगरातल्या कुणालाही हे वाचून घरचं वाटेल. पण त्या दट्ट्यांना तो 'पिस्टन' म्हणत नाही, 'एम्बोलस' हा ग्रीक शब्द वापरतो. म्हणजे वस्तू रोमनांकडे होती आणि तिला नाव दुसरंच होतं. पिस्टन हे नाव त्याच वस्तूला मिळालं, पण कितीतरी शतकांनी. लॅटिन शब्द दिसला की लॅटिन काळात ते यंत्र होतं, हा हिशेब म्हणूनच चुकतो. नवं यंत्र बनवणाऱ्याने नावासाठी जुन्या भाषेचा माळा धुंडाळला, एवढंच त्यातून कळतं.

खरादावरून आठवलं. 'लेथ' हा शब्द लॅटिन नाही. पण लेथवर उभा राहणारा टर्नर लॅटिन आहे. 'तोर्नुस' म्हणजे खराद (रोमनांनी तो ग्रीकांकडून घेतला), 'तोर्नारे' म्हणजे खरादावर फिरवणं, त्यातून इंग्रजीतलं 'वळणं' या अर्थाचं टर्न. आज रस्त्यावर गाडी टर्न मारणाऱ्याला कल्पनाही नसते की हा शब्द खरादावरून रस्त्यावर आलाय. आयटीआयच्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट या तीन ट्रेडमध्ये टर्नरचं नाव कामाला सगळ्यात शोभणारं.

इंजिन हा माझा सगळ्यात आवडता शब्द. लॅटिन 'इंगेनिउम', म्हणजे आत जन्मलेली ती, अंगभूत बुद्धी. यातला 'गेन' म्हणजे आपला 'जन्', जन्म-जननीमधला. जनरेटरमध्येही तोच. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा 'एंजिन'चा अर्थ होता अक्कल, हिकमत, थोडी लबाडीसुद्धा. कोल्हापुरीत सांगायचं तर डोकॅलिटी. मग डोकॅलिटीने बनवलेल्या वस्तूलाच ते नाव मिळालं, आणि त्या काळात डोकं सर्वांत जास्त चालायचं ते किल्ला पाडण्यासाठी. तटावर धोंडे फेकणारी, दरवाजे फोडणारी यंत्रं म्हणजे इंजिनं. ती बनवणारा तो इंजिनीअर. अठराव्या शतकात पूल, कालवे, दीपगृहं बांधणाऱ्यांना आपण फौजेतले नाही हे सांगायची गरज पडली, म्हणून 'सिव्हिल' इंजिनीअर. वाफेवरचं इंजिन न्यूकोमेनने 1712 मध्ये खाणीतलं पाणी उपसायला लावलं, म्हणजे तेही आधी मोटेचंच काम करत होतं.

या शब्दाच्या दोन वाटा आपल्याशी जवळच्या आहेत. एक, कापसाची 'जीन'. विदर्भ-खानदेशात जिनिंग म्हणतात ते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला इंग्रजीत 'जिन' म्हणत, आणि ते 'एंजिन'चंच डोकं उडवलेलं रूप. तेव्हा इंजिन मराठीत दोनदा आलंय, एकदा पूर्ण आणि एकदा निम्मं. दुसरी वाट गोड आहे. स्पॅनिशमध्ये 'इन्हेनियो' आणि पोर्तुगीजमध्ये 'एंजेन्यो' म्हणजे बुद्धी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ साखर कारखाना! ऊस गाळणारं यंत्र ते इंजिन, मग तो सगळा कारखानाच इंजिन. मेक्सिकोतल्या माणसाला बिद्रीचा किंवा बावड्याचा कारखाना दाखवला तर तो त्याला 'इन्हेनियो'च म्हणेल. आपण गुऱ्हाळावर चरक आणि घाणा म्हणालो, त्यात अक्कल नाही, नुसतं फिरणं आणि गाळणं आहे.

आणि आपला 'यंत्र'? तो 'यम्' धातूचा, आवरून धरणं, लगाम घालणं. त्यांनी यंत्रात हुशारी पाहिली, आपण पकड पाहिली. बंगालीत 'यंत्रणा' म्हणजे वेदना, ती याच आवळण्यातून. आपली सरकारी यंत्रणाही कधीकधी तिकडे झुकते.

फाउंड्रीबद्दल, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याबद्दल, मिस्त्रींनी विचारलं नव्हतं, पण कोल्हापुरात हा विषय निघाला आणि फाउंड्री राहिली तर शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले लोक बोलणं सोडतील. लॅटिन 'फुंदेरे', ओतणं. त्यातूनच वीज गेली की आपण बघतो तो फ्यूज, कारण त्यातली तार वितळते. आता या 'फुंदेरे'चा संस्कृत भाऊ कोण? 'हु' धातू. अग्नीत ओतणं. होम, हवन, हवि. कुठे फ आणि कुठे ह, पण ही अदलाबदल मनाला येईल तशी होत नाही. संस्कृतात जिथे ह किंवा घ, तिथे लॅटिनमध्ये ठरावीक जागी फ येतो. संस्कृत 'घर्म' म्हणजे ऊष्मा, त्याचा आपला घाम झाला; लॅटिनमध्ये त्याचा जोडीदार 'फोर्मुस', ऊन ऊन. आणि त्याच्या नात्यातला 'फोर्नाक्स', म्हणजे भट्टी. म्हणजेच फर्नेस. क्युपोलासमोर (लोखंड वितळवायच्या भट्टीसमोर) उभं राहून साच्यात लोखंडाचा रस ओतणारा माणूस घामाने निथळतो, तिथे फर्नेस आणि घाम एकाच मुळाचे निघावेत यात मला तरी भाषेची थट्टा दिसते.

टर्बाइन थोडक्यात. 'तुर्बो' म्हणजे वावटळ आणि तुर्बो म्हणजेच मुलांचा भोवरा. 1822 मध्ये क्लोद बुर्दँ या फ्रेंच इंजिनीअरने पाण्यावर फिरणाऱ्या नव्या चाकासाठी यातून 'तुर्बीन' हा शब्द घडवला. त्याच्या शिष्याने, फुर्नेरोंने, 1827 मध्ये ते चालवून दाखवलं. मराठीत खेळायचा तो भोवरा आणि नदीत गरगरतो तोही भोवरा. टर्बाइनला आपण कधी भोवरा म्हणालो नाही, ही माझी बारीकशी हळहळ आहे. राधानगरीच्या वीजघरात पाणी तेच तर करतं.

बाकीचे भराभर. मशीन लॅटिन 'माखिना'वरून, पण रोमनांनी ती ग्रीकांकडून आणलेली, युक्ती, साधन. रोटरमधला 'रोता' म्हणजे चाक, त्याचा आपल्याकडचा नातेवाईक रथ. तेव्हा शेतात 'रोटर मारला' म्हणणारा एका अर्थाने रथच हाकतो. व्हॉल्व म्हणजे दाराची फळी, एकीकडे उघडते आणि परत मिटते. विहिरीच्या तळाशी असतो तो फूट व्हॉल्व. आमच्या भागात त्याचा सर्रास फुटबॉल झालाय आणि दुकानदारही तोच देतो. पंप, क्रेन, गिअर हे लॅटिन नव्हेत. क्रेन म्हणजे लांब मानेचा पक्षी, करकोचा. डिझेल तर आडनाव. तेव्हा कॉलेजातल्या त्या माणसाने 'सगळे' म्हटलं असेल तर ते जास्त झालं. मुलीने सांगितलेली यादी मात्र बरोबर आहे. एकच, सगळे सरळ लॅटिनमधून आले नाहीत. फ्रेंच, इटालियनच्या दारांवर थांबत थांबत आलेत.

चहाचे कप उचलले गेले तेव्हा शेवटचं सांगितलं. लॅटिनशी तुमची ओळख इंग्रजांच्याही आधीची आहे. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, उस्ताद कारागीर. आणि मेस्त्रे आला लॅटिन 'मागिस्तेर'वरून. त्याच मागिस्तेरचा इंग्रजी मास्टर झाला आणि त्याचा आपण केला मास्तर.

"म्हंजे तुम्ही आणि मी एकच?" मिस्त्री म्हणाले.

शब्दापुरतं, म्हटलं.

त्यांनी तोटी उजेडात धरून फिरवून बघितली. पितळ पार झिजलंय, आटे धरणार नाहीत, नवी घ्या म्हणाले.