वाचकांचे प्रश्न : टोल्यूइन हाताळताना

रंग, शाई, गोंद आणि थिनर यांच्या कामात टोल्यूइन हा ज्वलनशील द्रावक रोज वापरला जातो. या वेळी त्याच्याविषयी आलेले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : टोल्यूइनचा २०० लिटरचा ड्रम संपला आहे. तळाशी काही दिसत नाही. वरचं झाकण गॅस कटरने कापून भंगार टाकायला वापरायचा विचार आहे. आधी पाण्याने दोनदा विसळून घेतला तर चालेल का?

नाही. भरलेल्या ड्रमपेक्षा असा ‘रिकामा’ ड्रमच जास्त माणसं मारतो. कारण समजून घ्या. हवेत टोल्यूइनची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर ती पेट घेते. त्याखाली वाफ अपुरी पडते, त्यावर हवा. बंद भांड्यात २० अंश सेल्सियसला टोल्यूइनची वाफ जवळपास २.९ टक्क्यांवर येऊन थांबते, ३० अंशांना पावणेपाचच्या आसपास. म्हणजे नेहमीच्या तापमानाला या ड्रमच्या आतली हवा नेमकी स्फोटाच्या पट्ट्यात असते. पेट्रोलच्या टाकीत वाफ बहुधा इतकी दाट असते की ती आतल्या आत पेटत नाही. टोल्यूइनच्या बाबतीत तेवढाही आधार नाही.

किती द्रव पुरतो? २०० लिटर हवेसाठी सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. एवढा द्रव तळाच्या कडेच्या दुमडीत सहज लपतो आणि डोकावून पाहिलं तरी दिसत नाही. पाण्याने विसळून तो निघत नाही, कारण एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम टोल्यूइन विरघळतं. मीटर लावून आत शून्य दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. कटरची उष्णता लागली की दुमडीतला आणि वाळलेल्या थरातला द्रव नव्याने वाफ होऊन बाहेर येतो. ग्राइंडर किंवा छिन्नी-हातोडा वापरूनही हाच धोका राहतो, फक्त ठिणगीचं कारण बदलतं.

दोन्ही बुचं घट्ट लावा, लेबल काढू नका आणि ड्रम पुरवठादाराकडे किंवा ड्रम साफ करण्याची सोय असलेल्या कंपनीकडे परत पाठवा. भंगारासाठी दुसरं काहीतरी बघा.

प्रश्न : आमच्याकडे ज्वलनशील वायूचा मीटर आहे. तो २-३ टक्क्यांच्या वर जात नाही, अलार्म १० टक्क्यांना आहे. तरी दुपारपर्यंत कामगारांचं डोकं दुखायला लागतं. मीटर बिघडला आहे का?

बहुधा मीटर ठीक आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो आहे. त्यावरचे टक्के हवेतल्या वाफेचे नसून पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेचे, म्हणजे एलईएलचे आहेत. टोल्यूइनसाठी ही मर्यादा १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे इतके भाग). त्यामुळे मीटरवरचा १ टक्का म्हणजे ११० पीपीएम आणि तुमचे ३ टक्के म्हणजे ३३० पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची मर्यादा २० पीपीएम आहे. एनआयओएसएच ही अमेरिकेची सरकारी कामगार-सुरक्षा संशोधन संस्था ५०० पीपीएमला जिवाला तातडीचा धोका मानते. तुमचा अलार्म वाजेल तेव्हा हवेत १,१०० पीपीएम वाफ असेल. आणखी एक मेख अशी की असे मीटर बहुतेक वेळा मिथेनवर जुळवलेले असतात आणि टोल्यूइन प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. आगीपासून तुम्ही लांब आहात, विषबाधेपासून नाही.

श्वासासाठी पीपीएममध्ये मोजणारा पीआयडी मीटर (अतिनील दिव्याने वाफ ओळखणारा) किंवा कामगाराच्या कॉलरला लावायचा नमुना-बिल्ला घ्या. नाकावर विसंबू नका. सुरुवातीला वास तीव्र येतो, पण थोड्या वेळात नाक बधिर होतं. ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ हवा साफ झाली असा नाही.

शरीरात टोल्यूइनपासून हिप्युरिक आम्ल आणि थोडा ऑर्थो-क्रेसॉल तयार होतो. लघवीतल्या हिप्युरिक आम्लाची तपासणी कुणी सुचवली तर एक लक्षात ठेवा : सोडियम बेंझोएट घातलेली पेयं किंवा लोणची खाल्ली तरी ते वाढतं. कामाची पाळी (शिफ्ट) संपताना घेतलेल्या लघवीच्या नमुन्यातला ऑर्थो-क्रेसॉल जास्त भरवशाचा. मात्र धूम्रपानाने तोही थोडा वाढतो, त्यामुळे ही सवय डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : ड्रममधून २० लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये टोल्यूइन काढतो. कॅनला वायर गुंडाळून अर्थिंग केलं आहे. पुरेसं आहे का?

प्लॅस्टिकला वायर गुंडाळून काहीच होत नाही. अर्थिंग चालतं ते धातूमधून. टोल्यूइन स्वतःही विजेचा अतिशय मंद वाहक आहे. पाइपातून वाहताना, जाळीतून जाताना आणि वरून धबाधबा पडताना त्यात विद्युतभार साठतो आणि लवकर निघून जात नाही. त्यात प्लॅस्टिक कॅनवर धातूचं नरसाळं ठेवलं असेल तर सगळ्यात वाईट : अधांतरी धातूवर भार गोळा होतो आणि जवळच्या बोटाकडे किंवा पाइपाकडे ठिणगीच्या रूपाने उडी मारतो. टोल्यूइनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हाताला जाणवणारा साधा झटका त्याहून मोठा असतो.

झडप लावलेला धातूचा सुरक्षा-कॅन घ्या. झाकण उघडण्याआधी ड्रम जमिनीतल्या अर्थशी जोडा, मग ड्रम आणि कॅन एकमेकांना. क्लॅम्पचे दात रंग खरवडून उघड्या धातूत रुतले पाहिजेत. रंगावर बसलेला क्लॅम्प हे अर्थिंग न लागण्याचं नेहमीचं कारण असतं, म्हणून जोडणीचा रोध अधूनमधून मोजा. तो १० ओहमच्या आत असावा, आणि मोजणी ड्रम बंद असताना करा. नळी कॅनच्या तळापर्यंत न्या. तिचं टोक द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. २५ मिलिमीटरच्या नळीत तो मिनिटाला सुमारे २९ लिटर भरतो. वाटेत बारीक जाळी असेल तर आणखी हळू. भरल्यावर थोडं थांबा, लगेच मोजपट्टी बुडवू नका. कॅनचं झाकण लागल्यानंतरच वायर काढायची. हा क्रम उलटा झाला की वायर काढतानाच ठिणगी पडते, आणि तीही उघड्या तोंडापाशी.

प्रश्न : वाफ हवेपेक्षा जड असते म्हणून खाली एक्झॉस्ट पंखा लावला. मास्क आणि निळे रबरी हातमोजेही दिले आहेत. आणखी काय हवं?

पंख्याची मोटर वाफेच्या प्रवाहात असेल तर आधी ती ज्वालारोधक (आतली आग बाहेर न पडू देणारी) आहे का ते बघा. साध्या मोटरची ठिणगी ओढून घेतलेल्या वाफेतच पडते. शुद्ध वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड हे खरं, पण हवेत मिसळलेलं मिश्रण फार जड राहत नाही. सांडलेला द्रव जमिनीलगत पसरतो, तिथे खालचा पंखा उपयोगी. टेबलावर फडक्याने पुसताना मात्र वाफ थेट नाकाशी येते. तिथे कामाच्या जागेलाच, माणसापासून दूर ओढणारं तोंड हवं.

निळे पातळ नायट्राइल हातमोजे काही मिनिटांतच टोल्यूइनला वाट देतात. शिंतोडा उडाला तर लगेच काढून टाकण्यापुरतेच ते ठीक. हात भिजणार असतील तर व्हायटॉन या द्रावकात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे किंवा अनेक पदरी फिल्मचे घ्या. पीव्हीएचेही (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) टिकतात, पण पाणी लागलं की खराब होतात. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लावलेला मास्क हवा, आणि वास यायची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने कार्ट्रिज बदलायचं.

प्रश्न : रंगाचे हात थिनरने धुतले तर काय होतं?

कातडीतला स्निग्धांश निघतो, भेगा पडतात आणि त्यातून शोषण वाढतं. थिनरमध्ये मिथेनॉल असेल तर तेही कातडीतून आत जातं. खाद्यतेल चोळून रंग मोकळा करा, मग साबण.

प्रश्न : सांडलं, आग लागली किंवा कुणी बेशुद्ध पडलं तर पहिली पाच मिनिटं काय करायचं?

सांडल्यावर जवळच्या दिव्या-पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. वीज मेन स्विचपासून, वाफेच्या बाहेरून तोडा. एक लिटर पूर्ण उडालं तर सुमारे २० घनमीटर हवा पेटण्याजोगी होते, म्हणजे एका लहान खोलीएवढी. कोरडी वाळू किंवा शोषक टाका, ठिणगी न पाडणाऱ्या फावड्याने झाकणाच्या डब्यात भरा. गटारात ढकलू नका : ते पाण्यावर तरंगत दूर जातं आणि भलत्याच ठिकाणी पेटतं. आगीवर फेस, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरा. पाण्याचा जोरदार फवारा जळता द्रव पसरवतो. पाणी लागतं ते शेजारचे ड्रम थंड ठेवायला.

टाकीत कुणी कोसळलेला दिसला तर त्याच्यामागे उतरू नका. दुसरा बळी असाच जातो. बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंच घातलेल्या माणसानेच आत जावं. कार्ट्रिज मास्क इथे चालत नाही, कारण प्राणवायूच कमी असू शकतो. बाहेर काढल्यावर भिजलेले कपडे उतरवा, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या. डोळ्यांत गेलं असेल तर किमान १५ मिनिटं पाणी. गिळलं असेल तर उलटी करवू नका, कारण परत येताना थोडंसं जरी फुफ्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होतो. तीव्र विषबाधेत हृदयाचा ठोका बिघडण्याची भीती असते आणि अॅड्रेनॅलिनने ती वाढते. म्हणून रुग्णालयात पोहोचल्यावर ‘टोल्यूइन’ हे नाव पहिल्या वाक्यात सांगा आणि डब्यावरचं लेबल सोबत न्या.