‘घर तुला, बाकी मला’: हिशेब पुन्हा मांडून पाहू

वाकडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय ३८, हातात येणारा पगार ७२ हजार. नवऱ्याचा सव्वा लाखाच्या आसपास. दोघांनी परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरवलंय. नऊ वर्षांची मुलगी आईकडे राहील, यावर वाद नाही. २०१६ साली दोघांच्या नावावर ५६ लाखांना घेतलेला फ्लॅट आज ९२ लाखांचा आहे, त्यावर ३४ लाखांचं कर्ज बाकी आहे. नवऱ्याने एक्सेलमध्ये वाटणी करून पाठवली आहे: फ्लॅट आणि त्याचं कर्ज बायकोचं, म्युच्युअल फंड (१९ लाख) आणि गाडी (५ लाख) त्याची, पोटगी कोणालाच नाही, मुलीच्या खर्चाचाही उल्लेख नाही. खाली एक ओळ आहे, ‘तुला माझ्या तिप्पट मिळतंय.’ ताई विचारतात, सही करू का?

ताई, या शीटवर नको. प्रस्ताव लबाडीचा आहे असं मला वाटत नाही, पण शीट चुकीचं आहे.

आधी तुमचा रकाना पाहू. त्यात फ्लॅटच्या ५८ लाखांखाली (९२ वजा कर्जाचे ३४) ‘सोने १२ तोळे, १५ लाख’ असं लिहिलंय. हे तुमचं स्त्रीधन आहे. ते तुमच्या एकटीच्या मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. जे आधीपासून तुमचंच आहे ते ‘मिळालं’ म्हणून मांडता येत नाही, तेव्हा ती ओळ खोडा. त्यांच्या रकान्यात त्यांचा पीएफ नाहीच. तुमच्या अंदाजाने तो १४ लाख आहे. ‘तो कुठे हातात आलाय’ हे त्यांचं उत्तर तुम्ही कळवलंत. हातात तर फ्लॅटही आलेला नाही. तुमच्याकडूनही राहिलेलं लिहा: तुमचा पीएफ ७ लाख, एफडी ३ लाख आणि दिराच्या दुकानासाठी तुमच्या नावावर काढलेलं पर्सनल लोन, बाकी ४ लाख.

आता तुमच्याकडे ६४ लाख, त्यांच्याकडे ३८. एकूण १०२, निम्मे ५१. म्हणजे ते तुम्हाला निम्म्याहून १३ लाख जास्त देतायत, तिप्पट नव्हे.

इथे एक सांगायला हवं. निम्मं हे माझं मोजमाप आहे, कायद्याचं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा धरतात. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात तशी तरतूद नाही. ज्याच्या नावावर, त्याची मालमत्ता. न्यायालय पोटगी ठरवतं तेव्हा मात्र दोघांची ऐपत पाहतं. त्यामुळे त्यांच्या नावावरच्या फंडात ‘माझा अर्धा’ असा हक्क सांगून चालणार नाही. ते बोलणीतूनच मिळवावं लागेल. त्या बोलण्यांत तुमच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे: इतकी वर्षं गृहकर्जाचा हप्ता त्यांच्या पगारातून गेला आणि घरखर्च तुमच्या पगारातून. म्हणून फंड त्यांच्या नावावर साठला.

आता ते १३ लाख. मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत बापाने महिना १५ हजार दिले तरी नऊ वर्षांचे १६ लाखांवर जातात. आजचे १३ आणि नऊ वर्षांत मिळून येणारे १६ सारखे नाहीत, मान्य. पण शाळेची फी दरवर्षी वाढते, त्यामुळे दोन्ही आकडे जवळपास एकमेकांना कापतात. थोडक्यात, जादा दिसणारी रक्कम हा मुलीचाच खर्च आहे, तोही भिंतींत अडकवून दिलेला. शिवाय मुलीचा पालनपोषणाचा हक्क तुम्हाला तिच्या वतीने सोडता येत नाही. ‘पुढे काही मागणार नाही’ हे वाक्य तुमच्यापुरतं ठीक. तिच्यापुरतं ते न्यायालयात द्यायच्या संमतीच्या अटींत येऊ देऊ नका.

माझी खरी काळजी वेगळी आहे. १२ वर्षं उरलेल्या ३४ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३७,७०० रुपये. पर्सनल लोनचा ११,४००. पगारातून ४९ हजार गेले की उरतात २३ हजार, आणि त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, शाळा, किराणा. कागदावर ६४ लाखांच्या धनी, आणि महिन्याच्या वीस तारखेला उसनवारी.

बँकेचाही प्रश्न आहेच. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत. न्यायालयाच्या हुकुमात ‘कर्ज पत्नी फेडील’ असं लिहिलं तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. तिच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला बांधलेले. एक हप्ता चुकला तर दोघांचा सिबिल स्कोअर पडतो. हे त्यांनाही समजावून सांगा. त्यांचं नाव या कर्जावर राहिलं तर उद्या त्यांना स्वतःच्या घरासाठी कर्ज मिळणं अवघड होईल. नाव निघण्याची गरज त्यांना तुमच्याइतकीच आहे.

म्हणून पहिलं काम बँकेत. तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज ठेवायला बँक तयार आहे का, हे लेखी विचारा. पर्सनल लोन चालू असताना बहुधा नकारच येईल. ते त्यांनी फंडातून फेडलं (दुकान दिराचं आहे, तुमचं नव्हे) आणि गृहकर्जाची मुदत २० वर्षं करून मिळाली, तर हप्ता साडेएकोणतीस हजारांवर येतो. ओढाताण होईल, पण निभेल. या वाटेने जायचं तर माझ्या मते मागणी दोनच गोष्टींची असावी: पर्सनल लोन त्यांनी फेडायचं आणि शाळेची फी त्यांनी थेट भरायची. त्याहून ताणलंत तर बोलणी फिसकटतील, आणि निम्म्याच्या हिशेबाने ते चुकीचेही ठरणार नाहीत.

मी स्वतः विकण्याकडे झुकतो. कर्ज, दलाली आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा जाता साधारण साडेचोपन्न लाख उरतील, प्रत्येकी सव्वासत्तावीस. कराचं म्हणाल तर जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून) २० टक्के किंवा निर्देशांकाविना साडेबारा टक्के, असा पर्याय आहे. तुमच्या बाबतीत निर्देशांकाचा स्वस्त पडतो, दोघांत मिळून अडीच लाखांच्या आसपास. पर्सनल लोन फंडातून फेडून बाकी सगळं समसमान करायचं तर त्यांनी तुम्हाला फंडातले आणखी १२ लाख द्यायचे. म्हणजे ३९ लाख मोकळे हातात, डोक्यावर एकही हप्ता नाही, आणि मुलीचा महिन्याचा खर्च वेगळा, दरवर्षी वाढत जाणारा. मुलीची शाळा दहा मिनिटांवर आहे म्हणून घर सोडवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते कळतं. पण शाळा जवळ हवी तर त्याच भागात भाड्याने राहता येतं, त्यासाठी ९२ लाखांचा फ्लॅट लागत नाही.

तरीही घर ठेवायचं ठरलं, तर वेळ सांभाळा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. ही सवलत नातं कायद्याने टिकून आहे तोवरच. हुकूमनामा झाल्यावर ते तुम्हाला परके, आणि निम्म्या हिश्शाच्या ४६ लाखांवर स्त्री खरेदीदाराच्या सहा टक्के दरानेही पावणेतीन लाख जातील. घर गहाण असल्याने बक्षीसपत्राआधी बँकेची संमती लागेल. शिवाय बक्षीस विनामोबदला असावं लागतं, तेव्हा संमतीच्या अटींतली भाषा वकिलांकडून नीट घासून घ्या.

आकड्यांबद्दल शंका असेल तर दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र करा. रजनेश विरुद्ध नेहा निकालाने २०२० साली पोटगीच्या दाव्यांत त्याचा नमुनाच घालून दिलाय. संमतीच्या घटस्फोटातही तो वापरायला कोणाची हरकत नसते, आणि पीएफसारख्या ‘राहून गेलेल्या’ ओळी त्यात आपोआप येतात.

त्यांच्या कंपनीच्या आरोग्यविम्यातून तुमचं नाव निघेल, मुलीचं राहू शकतं. तुम्हाला थायरॉइड आहे. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी याच महिन्यात घ्या. पीएफ, एफडी, आयुर्विमा या सगळ्यांवरचं नॉमिनेशनही बदलायचं आहे.

आणि ते बारा तोळे. लॉकर नवरा आणि सासूबाईंच्या नावावर आहे म्हणता. अर्ज दाखल होण्याआधी दोघांसमोर लॉकर उघडून प्रत्येक दागिन्याचं नाव आणि वजन लिहून काढा, त्यावर नवऱ्याची सही घ्या, आणि दागिने त्याच दिवशी तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये हलवा.