पाच ते नऊ किलो

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

ग्रामीण रुग्णालयात रुजू झाल्यावर तू विचारलेस, की बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या पुढे असलेल्या गर्भवतीचे वजन किती वाढू द्यावे आणि ते तिला कसे सांगावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही, म्हणून दुसऱ्याविषयी थोडे अधिक लिहिते.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेल्या मर्यादा आजही प्रमाण मानल्या जातात. गर्भधारणेपूर्वीचा बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो आणि ३० किंवा त्याहून अधिक असेल तर ५ ते ९ किलो. समज, १५२ सेंटीमीटर उंचीची, ७२ किलो वजनाची बाई पहिल्या तपासणीला आली. तिचा बीएमआय ३१ च्या आसपास येतो. म्हणजे दिवस भरताना तिचे वजन ७७ ते ८१ किलोंच्या दरम्यान असावे, आणि चौथ्या महिन्यापासून ते महिन्याला साधारण एका किलोने वाढावे. बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, स्तन आणि रक्त यांचेच मिळून सुमारे सात किलो होतात. त्यापलीकडची वाढ बहुतांशी आईच्या अंगावर पुढच्या दुधासाठी साठणारी चरबी असते, आणि स्थूल स्त्रीजवळ ती शिल्लक आधीपासूनच असते.

हे सगळे पहिल्याच भेटीत सांग. माझे ठाम मत आहे, की आठव्या महिन्यात रागावण्याला काहीही अर्थ नसतो. तोवर जे वाढायचे ते वाढलेले असते आणि पदरी पडते ती फक्त शरम. बाह्यरुग्ण विभागात वजनकाटा बहुधा दाराशी असतो, परिचारिका आकडा मोठ्याने सांगते, रांगेतल्या चार जणी वळून पाहतात, आणि ती बाई पुढच्या तपासणीला येतच नाही. काटा पडद्याआड घे. आकडा हळू आवाजात सांग, तिच्या कार्डावर तिच्यादेखत लिही आणि मागच्या महिन्यापेक्षा किती फरक पडला ते तिलाच वाचू दे. ‘जाड’ हा शब्द तुझ्या तोंडी कधीही येऊ देऊ नकोस.

मग काल सकाळपासून काय खाल्ले ते विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत थांब. चहा किती वेळा, त्याबरोबर बिस्किटे किती, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली का, हे तिच्याकडूनच कळेल. सासूबाई सोबत असतील तर त्यांनाही आत बोलव, कारण ताटात काय पडते हे पुष्कळदा त्याच ठरवतात. ‘दोन जिवांची आहे, दोघांचं खायला हवं’ हे त्या मायेने म्हणतात, त्या मायेला धक्का लावू नकोस. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी, ताक, अंडे हे आवर्जून वाढा आणि गोडधोड व तळण आवरा, एवढेच सांग. वैद्यकीय मनाई नसेल तर रोज अर्धा तास चालणेही त्यातच येते.

मात्र वजन उतरवण्याचा आहार या काळात कोणालाही देऊ नकोस. वाढ फारच कमी राहिली तर बाळ खुरटण्याचा धोका वाढतो, आणि पोटावरच्या चरबीमुळे गर्भाशयाची उंची मोजून ते लवकर लक्षात येत नाही. आहार-व्यायामाच्या सल्ल्याने सगळे टळेल असे आश्वासनही देऊ नकोस. ब्रिटनमधील अपबीट या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, दीड हजारांहून अधिक स्थूल गर्भवती सहभागी होत्या. सल्ला मिळालेल्या गटात वजनवाढ थोडी घटली, पण गर्भावस्थेतील मधुमेह घटला नाही. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्तातली साखर मोजण्याची चाचणी पहिल्या भेटीत कर, आणि ती व्यवस्थित आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा कर.

भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा ३० बीएमआयवर नव्हे, २५ वर मानली जाते, हेही ध्यानात असू दे. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की आपली नवजात बाळे वजनाला हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. वजनवाढीची मर्यादा वरच्या तक्त्यानुसार ठरव, पण साखर आणि रक्तदाब यांच्याबाबत २६ बीएमआयच्या बाईकडेही स्थूल समजूनच पाहा.

एखादीचे वजन आठवड्यात एक-दोन किलोंनी अचानक चढले, तर जेवणाची चौकशी नंतर कर. आधी रक्तदाब घे, लघवीतील प्रथिने तपास, डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का ते विचार. ती बहुधा चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते.

बाळंतपणानंतरही तिला सोडू नकोस. बाळंतविड्यातले डिंकाचे लाडू बंद करायला सांगण्यापेक्षा रोज एक पुरे, असे सांग. ते पाळले जाते. गर्भावस्थेत मधुमेह झाला असेल तर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपास, आणि त्या दिवसाचे वजन कार्डावर लिहून ठेव, कारण पुढच्या खेपेचा हिशेब त्याच आकड्यापासून सुरू होईल.

कळावे, लोभ असावा.